सावलीच्या नकाशावरचा ठिपका

चंद्रपूरच्या ज्या दवाखान्यात माझी बायको कमल डायलिसिसला जायची, तिथं दाराजवळ काचेच्या चौकटीत एक नकाशा टांगलेला आहे. त्यात रस्ते बारीक आहेत अन् सावल्या ठळक. लोक थांबून पाहतात. एखादा तरी बोट ठेवून विचारतोच, "हा ठिपका कायचा हो? इथी तं काहीच नाई." मग शिपाई माझ्याकडं बोट दाखवते, "त्या रामटेके भाऊले विचारा."

मी अजून जातो तिथं. काम नसते. पायाला सवय आहे.

तर दरवेळी उभं राहून सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकतो. मी चौथी शिकलो, त्यामुळं शब्द इकडंतिकडं होतील. ऊर्जानगरला वीज केंद्राची बस चालवली, नोकरीभर तेच केलं. मला नकाशा कळत नाही, रस्ता कळते. पण ठिपक्याचं सांगायचं तर नगराळे बाईचं सांगावं लागते, आणि नगराळे बाई काही दोन वाक्यांत मावणारी बाई नाही.

बाईची पहिली ओळख छत्रीमुळं झाली. गडचांदूरच्या शाळेतून भूगोलाची मास्तरीण म्हणून रिटायर होऊन बाई आमच्या वस्तीत समोरच्या घरी राहायला आली. सामानाचा ट्रक उभा, हमाल कपाट उतरवून राहिले, आणि ही बुटकी, चष्म्याला दोरी बांधलेली बाई भर दुपारी आमच्या अंगणात उभी. हातात काळी छत्री, बंद.

मी म्हटलं, "बाई, ऊन लागते. छत्री उघडा नं."

"छत्री उघडली तर ऊन कुठं संपलं हे मला कसं कळणार?" असं म्हणून तिनं छत्रीच्या टोकानं आमच्या कडुनिंबाच्या सावलीच्या कडेला मातीत रेघ ओढली. "रोज येते का हो इथपर्यंत?"

"कोन?"

"सावली!"

कमलनं खिडकीतून पाहिलं अन् मला हळूच विचारलं, "येडी हाय का हो?"

मी म्हटलं, "मास्तरीन हाय."

"एकच झालं," कमल म्हणाली, आणि चहा ठेवला. त्या दिवसापासून दोघी मैत्रिणी.

ती छत्री बाईनं कधी उघडली नाही. पाऊस आला तर दुकानाच्या पायरीवर उभी राहायची, ऊन असलं तर सरळ उन्हातून चालायची. छत्रीनं ती सावलीची लांबी मोजायची, गटाराची खोली पाहायची, कुत्रं हाकलायची, आणि बोलताना फळा समोर असल्यासारखी हवेत फिरवायची. तिच्या बाजूनं चालणारानं जरा अंतर ठेवूनच चालावं.

तिची नोकरी सारी सिमेंटच्या धुळीत गेली. ती सांगायची, "माझ्या वर्गातल्या जगाच्या नकाशावर धूळ बसायची. पोरं ओरडायची, मॅडम, समुद्र आटला! मग मी ओलं फडकं द्यायची. पुसलं की पाणी परत. अशी मी दर सोमवारी सगळे समुद्र भरले आहेत, भाऊ." हे सांगताना तिच्या तोंडावर असा रुबाब यायचा की समुद्र खरंच तिच्याच माठातले.

माणसांना ती भूगोलातली नावं ठेवायची. मला म्हणायची पठार. "रामटेके भाऊ, तुम्ही म्हणजे पठार. ना चढ, ना उतार." कमलला धबधबा. रेशन दुकानदार खिंड, कारण त्याच्यातून काही लवकर पार होत नाही. कोणाला राग येत नव्हता. एकदा दुकानदारच म्हणाला, "मॅडम, मले खिंड म्हना, पन रांगेत या."

मग एक दिवस बाई धावतच आमच्या घरात शिरली. चप्पल पायातच.

"कमल! भाऊ! स्पर्धा आहे! नकाशा बनवायची स्पर्धा!"

नकाशे काढणाऱ्या लोकांची एक संस्था होती म्हणे. कागदावर काय दाखवता, कसं दाखवता, पाहणाराला किती लवकर समजते, त्याला मार्क. बाईनं सगळं एका दमात सांगितलं. उभ्या आयुष्यात तिनं दुसऱ्याचे नकाशे पोरांना शिकवले होते, पुसले होते, गुंडाळून ठेवले होते. आता आपल्या हातचा एक नकाशा असावा, आणि नकाशा कळणाऱ्या माणसानं तो तपासून "बरोबर" म्हणावं, एवढं तिला पाहिजे होतं. यापुढं जे काही झालं ते त्या एका "बरोबर"साठी झालं.

"दोन गट आहेत," ती म्हणाली. "एक विद्यार्थ्यांचा. एक, नकाशे काढणं हाच ज्यांचा धंदा त्यांचा."

कमल म्हणाली, "मंग तुमी कोनत्यात?"

बाईची छत्री खाली आली. हा विचार तिनं केलाच नव्हता. "कोणत्याच नाही गं," ती म्हणाली आणि आली तशी निघून गेली. चहाही घेतला नाही.

पण आठवडा गेला नसेल, ती परत आली ते गळ्यात पट्टा अडकवून. पट्ट्याला कार्ड, कार्डावर तिचा पांढऱ्या केसांचा फोटो. गावातल्या एका कॉलेजात नकाशे काढायच्या कोर्सला नाव घातलं होतं.

"विद्यार्थी!" तिनं कार्ड कमलच्या नाकासमोर धरलं. "रीतसर!"

ते कार्ड ती झोपतानाच काढत असेल. एसटीत कंडक्टर आला की आधी कार्ड पुढं. एकदा मी मागच्याच सीटवर होतो. कंडक्टर म्हणाला, "बाई, तिकीट तं बायामानसाले अर्धंच आहे. हे काऊन दाखवून राह्यल्या?"

"तुम्हाला माहीत असावं म्हणून," बाई म्हणाली.

सारी एसटी हसली. बाई सगळ्यांत जास्त.

आता नकाशा कशाचा काढायचा? आमच्या वस्तीत ज्याला त्याला तेच सुचलं. मीही म्हटलं, "वाघ काढा. चंद्रपूर म्हटलं की वाघ."

"वाघ सगळेच काढतील. आणि वाघ नकाशात बसला तरी जंगलात बसतो का एका जागी?"

त्याच वेळी कमल खाटेवर पडून होती. नुकतीच डायलिसिसहून आली होती. फेब्रुवारी चालू होता, ऊन अजून सोसण्यासारखं. ती म्हणाली, "मशीन मले मारत नाई बाई, रस्ता मारते. आता चालवते. मे मईन्यात मी त्या रस्त्यानं कशी जाऊ?"

जटपुरा गेटजवळ बस सोडायची. तिथून परकोटाच्या, म्हणजे जुन्या शहराच्या भिंतीच्या, बाहेरून चालत दवाखान्यात. लोक मला विचारायचे, ऑटो काऊन नाई करत? ऑटोचे धक्के बसले की कमलला उलटी व्हायची, हे एक. दुसरं असं, की ती म्हणायची, "पाय चालतात तवर मी बिमार नाई." तिच्याशी वाद घालून पाहा.

बाई खाटेजवळ गेली. मग एकदम छत्री जमिनीवर आपटली.

"सावली!" ती ओरडली. "कमल, सावलीचा नकाशा! देशात सगळ्यांत जास्त तापणाऱ्या गावातला माणूस रस्ता पाहत नाही, सावली पाहतो. आणि ती कुठल्याच नकाशात नाही!"

कमल उठून बसली. आजारपणात तिला असं उठून बसलेलं मी फार कमी वेळा पाहिलं.

दुसऱ्या दिवशीपासून बाईचा सर्वे सुरू झाला. पायात पातळ रबराची चप्पल, जाड चप्पल घालायची नाही. "पाय सांगतील," हे तिचं ठरलेलं बोलणं. मी मागून पाण्याची बाटली घेऊन. बसच्या स्टिअरिंगनंतर मला पहिल्यांदा काही काम मिळालं होतं, खोटं कशाला बोलू.

बाई मास्तरकीचं ज्ञान घरी ठेवून निघायची. ती पाहायची कुत्री कुठं झोपतात. "कुत्र्याला भूगोल शिकवावा लागत नाही." ऑटोवाले रिकामे असले की कुठं रांग लावतात. केळीची गाडी सकाळी कुठं, दुपारी कुठं. रसवंतीवाला तर वैतागला, "मॅडम, मी सावलीमागं गाडी ढकलतो, अन् तुमी माह्यामागं. लोकाले वाटते उधारी वसूल करून राह्यल्या."

सावलीच्याही तिनं जाती पाडल्या. वड-चिंचेची गच्च. कडुनिंबाची थंड. गुलमोहराची फसवी, दिसते पण लागत नाही. टिनाच्या पत्र्याची भाजकी, तिच्यापेक्षा ऊन बरं. सागवानाला तिनं काही दिलंच नाही. गडचिरोलीच्या बाजूला हात करून म्हणायची, "बाहेरचे लोक समजतात जंगल म्हणजे सावली. मे महिन्यात येऊन पाहा म्हणावं. सागवान म्हणजे कपडे काढून उभा असलेला माणूस."

संध्याकाळी हे सगळं कमलपुढं मांडायचं. कमल कधी हसायची, कधी हुंकार द्यायची. एकदा म्हणाली, "बाई, तुमी चालाची सावली लिवली. बसाची कुठी हाय?"

"म्हणजे?"

"सावली हाय, पन खाली नाली हाय, नाई तं काचा हायेत, नाई तं दुकानदार उठवते. बिमार मानसाले बसाले पाह्यजे. पारावरची, दगडावरची, जिथी कोनी ऊठ म्हनत नाई, ती येगळी दाखवा."

बाईनं कमलचे दोन्ही गाल धरले. "धबधब्या! हे मला सुचलं नाही!" त्या दिवसापासून नकाशात दोन खुणा झाल्या. चालायची सावली निळा पट्टा, आणि बसायची सावली छोटा हिरवा पाटासारखा चौकोन. परीक्षकांनी पुढं सगळ्यांत जास्त वाखाणलं ते हिरव्या चौकोनालाच. बाई ज्याला त्याला सांगायची, "ते माझं नाही, कमलचं."

एप्रिल संपताना नकाशा रंगवून झाला. बाईनं एक झेरॉक्स काढून कमलला दिली, निळा पट्टा हातानं रंगवून. "आता या पट्ट्यावरून चालायचं. मे महिना काय करतो पाहू."

मे महिन्याच्या मधल्या आठवड्यातली गोष्ट. त्या दिवशी डायलिसिसला उशिरानं नंबर होता, म्हणून बारा वाजायच्या सुमारास आम्ही तिघं चाललो होतो. परकोटाच्या भिंतीला लागून नकाशात लांबलचक निळा पट्टा. कमल झेरॉक्स हातात धरून त्या पट्ट्यावरून निघाली आणि मधेच थांबली. डोक्यावर टळटळीत ऊन.

"बाई," ती म्हणाली, "तुमची सावली पळाली."

बाईनं कागद पाहिला. भिंत पाहिली. आभाळाकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं, जशी मीच नेली. आणि कपाळावर असा हात मारला की रस्त्यावरच्या माणसानं वळून पाहिलं.

"अगं, सर्वे केला फेब्रुवारीत! तेव्हा सूर्य दक्षिणेकडं झुकलेला, म्हणून भिंतीची सावली बाहेर पडली, या बाजूला. आता सूर्य डोक्यावर आला. भिंत आपली सावली पायाखाली घेऊन बसली! आणि हेच मी आयुष्यभर पोरांना शिकवलं, कमल! फळ्यावर आकृती काढून!"

"मंग पोरं पास झाली नं?" कमल म्हणाली. "तुमीच नापास."

बाई हसायला लागली. इतकी हसली की तोल जाऊन परकोटाच्या तापल्या दगडाला टेकली, चटका बसला तशी उडाली, आणि पुन्हा हसली. मला वाटलं होतं ती रडेल. नकाशा पाठवायची तारीख जूनच्या सुरवातीची होती, आणि अर्धा नकाशा खोटा निघाला होता. दुसरं कोणी असतं तर गपचूप तसाच पाठवला असता. परीक्षक काय मे महिन्यात चंद्रपूरला चालायला येतात? मी तसं म्हटलंही.

बाईनं छत्री माझ्या छातीवर टेकवली. "भाऊ, कमल त्या पट्ट्यावर विश्वास ठेवून चालली होती."

विषय संपला.

मग तिनं जाहीर केलं की आणखी काही दिवसांत एक दिवस असा येतो, की दुपारी बाराच्या जरा पुढं सरळ उभ्या वस्तूची सावलीच पडत नाही. सूर्य बरोबर टाळूवर. तो दिवस तिनं साऱ्या रस्त्याला सांगून ठेवला. ऑटोवाल्यांना, केळीवालीला, दवाखान्याच्या शिपायाला. जसं काही लग्नाचं आमंत्रण.

आणि लोक आले, हो! जटपुरा गेटच्या बाहेर, त्या उन्हात, दुपट्टे बांधून. कमलचं डायलिसिस त्या दिवशी सकाळीच आटोपलं होतं. तिला आम्ही चिंचेखाली हिरव्या चौकोनात बसवलं. बाईनं रस्त्याच्या कडेला छत्री टोकावर सरळ उभी धरली. तिची सावली आखडत आखडत आली, बोटभर राहिली, आणि गेली.

"गेली! गेली रे!" एक ऑटोवाला ओरडला.

मग काय विचारता. रसवंतीवाल्यानं ग्लास ठेवला, "माह्या ग्लासची सावली ग्लासातच गेली!" ट्रॅफिकच्या पोलिसानं काठी उभी केली. केळीवालीनं तेलाची बाटली. कोणी बूट, कोणी मोबाईल. एक जण म्हणाला, "मॅडम, उद्या सावली येईन का वापस?" बाई म्हणाली, "येईल, पण आता काही दिवस दुसऱ्या बाजूला पडेल!" तर त्यानं टाळ्याच वाजवल्या.

कमल चिंचेखालून मला म्हणाली, "अवो, तुमी उभे राहा नं तिथी. पाहू द्या, तुमची जाते का."

मी उन्हात जाऊन सरळ उभा राहिलो.

"गेली! एवढा मोठा मानूस, अन् सावली नाई!" आणि ती हसली, तोंडावर पदर धरून, खांदे हलवत, लग्नाआधी तिच्या गावी पाहायला गेलो होतो तेव्हा हसली होती तशी. मी तिथं जरा जास्तच वेळ उभा राहिलो.

एकटी बाई हसत नव्हती. ती खाली मान घालून कागदावर रेघा मारून राहिली होती. भिंती गेल्या, घरं गेली, दुकानांचे फलक गेले. उरली ती झाडं आणि छपरं. "आज जे उरलं तेच मे महिन्याचं," ती पुटपुटली. "बाकी सगळं फेब्रुवारीचं."

नवा नकाशा त्यावर झाला. परकोटाचा पट्टा गेला. कमलची वाट आता रस्त्याच्या पलीकडून, झाडाझाडानं. पण शेवटच्या कडुनिंबापासून दवाखान्याच्या पोर्चपर्यंत एक तुकडा उघडाच राहत होता. झाड नाही, पत्रा नाही, काहीच नाही. बाई तिथं रोज जाऊन उभी राहायची, कुठून तरी सावली निघेल म्हणून. निघाली नाही. तो तुकडा तिनं पांढरा ठेवला.

त्याच तुकड्यात कमलचे पाय गेले. मे महिना सरत आला होता, बाई सोबतच होती. ती चालता चालता म्हणाली, "थांबा जी," आणि रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसली. ऊन असं, की डांबर चपलेला चिकटत होतं. मी ऑटो आणायला धावलो. उलटी होईल तर होऊ दे म्हटलं.

ऑटोत बसून परत आलो तर पाहिलं, बाईनं छत्री उघडली होती.

पहिल्यांदा. ती आतून निळ्या फुलांची होती, हे तेव्हा कळलं. घड्यांच्या रेघा तशाच कोऱ्या. बाई स्वतः उन्हात, आणि छत्री पूर्ण कमलवर.

कमलचा आवाज बारीक झाला होता, पण बोलणं तेच. "बाई, सर्वे खोटा होते तुमचा."

"होऊ दे. चूप बस."

"इथी सावली नाई. तुमीच लिवलं."

"आता आहे," बाई म्हणाली.

कमल त्यानंतर फार दिवस राहिली नाही. त्याबद्दल मी इथं जास्त लिहीत नाही.

नकाशा त्याआधीच गेला होता. पाठवायच्या आदल्या दिवशी बाईनं त्या पांढऱ्या तुकड्यात बारीक निबानं एक काळा ठिपका काढला होता. कमलनं तो पाहिला होता. नखानं जरा खरडूनही पाहिलं होतं, पक्का आहे का म्हणून.

कमलच्या नावानं बुद्धवंदना घेऊन पुण्यानुमोदन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी संस्थेतून फोन आला. बाई आमच्याच घरी होती, फोन तिनं स्पीकरवर लावला. नकाशा शेवटच्या फेरीत आला होता. एक परीक्षक नागपूरहून जागेवर येऊन पडताळणार होते. "फक्त एक शंका आहे मॅडम. एक ठिपका आहे, तो खुणांच्या यादीत नाही. शाई सांडली का?"

"सांडली नाही. सावली आहे."

"कसली सावली? झाड आहे का?"

"नाही."

फोनवाले सर भले माणूस होते. म्हणाले, "मॅडम, जागेवर नसलेली खूण नकाशात चालत नाही. तुम्ही दुरुस्त करून पाठवा, नाही तर नकाशा बाद होऊ शकतो."

"येऊन पाहा," बाई म्हणाली आणि फोन ठेवला.

माझं डोकं तापलं. मी सरळ बोललो. "बाई, खोडा तो ठिपका. इतकी मेहनत केली तुमी. कमल गेली आता."

"गेली म्हणून खोडू?"

"पन तिथी काही नाई नं!"

"होतं," बाई म्हणाली. "पठारा, तू पाहिलंस ना?"

बाईनं मला पहिल्यांदा एकेरी हाक मारली.

निकालाचं मधेच सांगून टाकतो, नाही तर वाचणारा त्याच्यातच अडकून राहील. विद्यार्थी गटात बाईला दुसरं बक्षीस मिळालं. पहिलं कोण्या खऱ्या विद्यार्थिनीला, आणि बाईनं तिचा नकाशा मागवून माझ्यापुढं पसरला, "पाहा भाऊ, काय हात आहे पोरीचा!" मग एक नकाशा काचेच्या चौकटीत घालून दवाखान्याला देऊन ती मुलीकडं अहेरीला गेली, मुलगी तिथं नर्स आहे. आता तिकडं बाजाराला पायी येणाऱ्या बायांच्या वाटेवरच्या सावल्या काढून राहिली आहे, असं फोनवर सांगते, म्हणजे ओरडते. जाताना भेट झाली नाही, मी दवाखान्यात फाइल परत करायला गेलो होतो. म्हणून माझ्या डोळ्यांत ती राहिली आहे ती त्या परीक्षकांच्या दिवसाची.

पाऊस लांबला होता. जून असून ऊन मे महिन्याचंच. बाईनं मला सांगून ठेवलं, "सरांना गेटपासून तुम्ही घेऊन या. ठीक बाराला निघा. रस्ता तुम्हाला माहीत." आणि स्वतः नाहीशी झाली.

सर तरुण होते, डोक्याला टोपी, हातात मोबाईल आणि नकाशा. एकेका झाडाखाली थांबायचे, वर पाहायचे, खाली पाहायचे, आणि पेननं बरोबरची खूण करायचे. चिंचेखालच्या हिरव्या चौकोनात बसून पाहिलं. "खरंच कोणी उठवत नाही," म्हणाले. रसवंतीवाल्यानं लांबून विचारलं, "सर, मॅडम पास का?" सर हसले. मला मात्र घाम फुटत होता. शेवटचा कडुनिंब आला. त्याच्यापुढं तो तुकडा.

सर म्हणाले, "आणि आता हा ठिपका."

आम्ही दोघांनी समोर पाहिलं. डांबरावरून वाफ उठत होती, सगळं हलत होतं. आणि त्या हलत्या उन्हात, बरोबर त्या दगडाजवळ, एक काळा ठिपका.

बाई होती. छत्री उघडून उभी. गळ्यात विद्यार्थ्याचं कार्ड. पातळ चपलेत पाय भाजत होते म्हणून एक पाय उचलायची, तो ठेवून दुसरा. कधीची उभी होती कोण जाणे.

सर चालत गेले. मी मागंच थांबलो, कडुनिंबाखालून निघून चार पावलांवर, उन्हात. बाईनं छत्री सरांवर सरकवली. "या सर. एका माणसापुरती आहे, पण आहे."

सर गोंधळले. त्यांनी नकाशा पाहिला, छत्री पाहिली. पेन कागदावर धरलं, पण खूण करेनात. "मॅडम, तुम्ही आज इथं उभ्या आहात म्हणून... ही कायमची नाही ना."

"सर, त्या परकोटाची सावलीसुद्धा मे महिन्यात जाते. मी शिकलेली बाई, मला ते एका आजारी बाईनं दाखवलं. कायमचं काय असते?" आणि मग तिनं माझ्याकडं पाहून अख्ख्या वर्गाला ऐकू जाईल असा आवाज दिला, "ओ पठार! तिकडं उन्हात काऊन उभे? या इकडं!"

मी गेलो. दगडाजवळ उभा राहिलो, कमल बसली होती तिथं. छत्री खरंच एका माणसापुरतीच होती. सरांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं, पण ते एक पाऊल मागं सरकले, उन्हात. बाईनं छत्री माझ्या डोक्यावर आणली.

"हं," ती म्हणाली. "आता लिहा, सर."

उन्हात उभं राहून, डोळे बारीक करून, सरांनी खूण केली.